कचेरीतला हसवणारा कारकून : चार्ल्स लँब

कारकून म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. नाकावर घसरलेला चष्मा, बोटांना शाई, पुढ्यात कागदांचा ढीग आणि चेहऱ्यावर जन्मभराचा कंटाळा. अशा माणसाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. पण इंग्रजी वाङ्मयात एक कारकून असा होऊन गेला की, ज्या साहेबांपुढे तो आयुष्यभर खतावण्या घेऊन उभा राहिला त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि त्याचे नाव मात्र देशोदेशीच्या महाविद्यालयांतून घेतले जाते. त्याने तेहतीस वर्षे एकाच कचेरीत हिशेब लिहिले आणि शेजारच्या टेबलांवरील माणसांना हसवले. त्याचे नाव चार्ल्स लँब.

आपल्यापैकी बहुतेकांना लँब दोन वाटांनी भेटलेला असतो. शाळेत असताना शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टींतून, आणि पुढे 'ड्रीम चिल्ड्रन' या निबंधातून. मराठीच्या तासालाही त्याचे नाव निघते. फडके-काणेकरांच्या लघुनिबंधाचे मूळ शोधू लागले की प्राध्यापक माँटेनपासून निघून लँबपाशी थोडे थांबतातच. परंतु हा निबंधकार लँब आपण पाहतो तो रविवारचा लँब. सोमवार ते शनिवारचा लँब वेगळा होता, आणि मला येथे त्याच्याविषयी लिहायचे आहे.

लँबचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजी लंडनमध्ये, इनर टेंपल या वकिलांच्या वस्तीत झाला. वडील जॉन लँब हे सॅम्युअल सॉल्ट नावाच्या एका बड्या वकिलाकडे नोकर, कारकून आणि सोबती असे सर्व काही होते. राहते घर मालकाचे, मुलांचे शिक्षण मालकाच्या ओळखीने. सातव्या वर्षी चार्ल्सला क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत घातले. नाव हॉस्पिटल असले तरी ही गरजू मुलांसाठी चालवलेली जुनी शाळा होती. मुले लांब निळे कोट आणि पिवळे मोजे घालीत. तेथे त्याला सॅम्युअल टेलर कोलरिज हा मित्र मिळाला. दोघेही हुशार, पण कोलरिज केंब्रिजला गेला आणि लँब चौदाव्या वर्षी शाळेबाहेर पडला. कारण एकच. लँब बोलताना अडखळत असे. या शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांनी पुढे धर्मोपदेशक व्हावे अशी अपेक्षा असे, आणि अडखळणाऱ्या जिभेने प्रवचन कसे करणार? जिभेच्या एका दोषापायी विद्यापीठाचे दार बंद झाले. (आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. त्यामुळे असे दार बंद झाल्याचे वाचले की मला पुढचे पान लवकर उलटवत नाही.)

प्रथम त्याने साउथ सी हाउस या कंपनीत काही महिने काम केले. ही तीच कंपनी, जिच्या शेअरांचा फुगा १७२० साली फुटला आणि हजारो लोक बुडाले. लँबच्या वेळी ती केवळ नावापुरती उरली होती. मोठी दालने, थोडे काम, म्हातारे कारकून. तेथून ५ एप्रिल १७९२ रोजी तो लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेब खात्यात लागला. वय सतरा. पहिली तीन वर्षे पगार नाही, वर्षाकाठी थोडीशी बक्षिसी. उलट चांगल्या वागणुकीसाठी जामीन मात्र द्यावा लागे.

येथे आपल्याला क्षणभर थांबावे लागते. कारण ही कंपनी आपल्याला परकी नाही. लँब कामावर रुजू झाला त्या वर्षी पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि नाना फडणीस कारभार पाहत होते. लँबच्या नोकरीची सव्वीस वर्षे झाली तेव्हा इकडे पेशवाई बुडाली होती. तिकडे लँब चहा, नीळ आणि औषधी माल यांच्या लिलावाचे आकडे उतरवीत होता. नीळ पिकवणारा शेतकरी त्याच्या निबंधांत मला कोठे दिसला नाही. हिशेबाच्या वहीत माल दिसतो, माणूस दिसत नाही, हे खरे असले तरी ही उणीव मला जाणवली, आणि ती लपवून त्याचे कौतुक करावे असे वाटत नाही.

आता त्याच्या घराकडे वळू. वडील वृद्ध आणि बुद्धी मंदावलेले, आई अंथरुणाला खिळलेली, मोठा भाऊ जॉन वेगळा राहणारा. बहीण मेरी चार्ल्सहून दहा वर्षांनी मोठी. ती कपडे शिवून घराला हातभार लावी आणि रात्री आईची शुश्रूषा करी. १७९५ च्या हिवाळ्यात खुद्द चार्ल्सच्या मनाचा तोल गेला आणि सहा आठवडे त्याला हॉक्स्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात काढावे लागले. तो बरा होऊन कामावर आला. मग २२ सप्टेंबर १७९६ हा दिवस उजाडला. त्या दिवशी मेरीला वेडाचा झटका आला आणि तिने जेवणाच्या टेबलावरची सुरी उचलून आईला भोसकले. वडीलही जखमी झाले. चार्ल्स धावला आणि त्याने तिच्या हातून सुरी हिसकावून घेतली. पण आई गेली होती.

त्या वेळी चार्ल्स एकवीस वर्षांचा होता. चौकशीत मेरी भ्रमिष्ट ठरली. तिला जन्मभर इस्पितळात ठेवावे असे भावाचे मत होते. चार्ल्सने ते मानले नाही. तिला सांभाळण्याची हमी त्याने स्वतः घेतली आणि ती अखेरपर्यंत पाळली. मेरी एरवी अतिशय समंजस आणि वाचनाची आवड असलेली बाई होती. पण झटका पुन्हा पुन्हा येई. तो येणार याची चाहूल तिला आधी लागत असे. मग ही दोघे भावंडे हातात हात घालून, बरोबर तिला बांधण्याचा अंगरखा घेऊन, रडत रडत शेतांतून इस्पितळाची वाट चालताना लोकांनी पाहिली आहेत. लँबने लग्न केले नाही. १८१९ साली त्याने फॅनी केली या नटीला मागणी घातली होती. तिचा नकार आला, त्याच दिवशी त्याने तिला उलट पत्र लिहिले आणि त्यातही एक कोटी केली.

हे सर्व सांगितल्याशिवाय त्याच्या कचेरीतील विनोदाला हात घालता येत नाही. आपल्याकडे असा समज आहे की जो हसतो त्याला काळजी नसते, आणि जो कामाच्या जागी हसतो तो कामचुकार असतो. लँबच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. त्याची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. साहेबाने उशिरा येण्याबद्दल त्याला हटकले, तेव्हा त्याने अडखळत सांगितले की आपण त्याची भरपाई लवकर घरी जाऊन करतो. साहेब विचार करीत राहिला! गोष्ट गमतीची आहे. पण ती वाचून लँब काम टाळीत असे असे कोणी समजू नये. कामाची गर्दी असली म्हणजे त्याला रात्रीही बसावे लागे. पूर्वी संतांच्या नावाने मिळणाऱ्या सुट्ट्या कंपनीने हळूहळू बंद केल्या, त्याचे त्याला फार दुःख होते आणि ते त्याने लिहूनही ठेवले. त्याच्या पगारात वर्षानुवर्षे वाढ होत गेली. कंपनी काही विनोदाबद्दल पगार वाढवणारी नव्हती.

त्याच्या विनोदाचा प्रकार काय होता? मुख्यतः कोट्या. त्याच्या तोतरेपणाने त्या कोट्यांना एक वेगळीच धार येई. शब्द अडे, ऐकणारे वाट पाहत, आणि नेमक्या क्षणी तो शब्द बाहेर पडे. ज्या जिभेने त्याला विद्यापीठापासून दूर ठेवले, तीच जीभ हिशेब खात्यात अशी उपयोगी पडली. कचेरीत व्याजाच्या कोष्टकांचे एक छापील पुस्तक होते. त्यापेक्षा रूक्ष पुस्तक जगात सापडणार नाही. लँबने त्याच पुस्तकाच्या कोऱ्या पानावर त्याची खोटी परीक्षणे लिहून ठेवली, जणू मोठमोठ्या मासिकांनी एखाद्या कादंबरीची वाखाणणी केली आहे. नंतर ज्या ज्या कारकुनाला व्याज काढण्यासाठी ते पुस्तक उघडावे लागले असेल, त्याचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

विनोदाचा त्याचा पल्लाही लांब होता. त्याचा मित्र थॉमस मॅनिंग चीनमध्ये कँटन येथे कंपनीच्या वखारीत होता. १८१५ च्या नाताळात लँबने त्याला पत्र लिहिले आणि इकडचे सारे स्नेही मरून गेले, काही अगदी जख्ख म्हातारे झाले, अशी बातमी गंभीरपणे कळवली. दुसऱ्याच दिवशी त्याला स्वतःलाच राहवेना, म्हणून दुसरे पत्र लिहून सर्वजण सुखरूप असल्याचा खुलासा केला. मॅनिंग परतीच्या वाटेवर असेल असे धरून ते सेंट हेलेना बेटावर धाडले.

माझे वडील एका कचेरीत शिपाई आहेत. तेथे एक वयस्क कारकून आहेत. वडील रात्री जेवताना त्यांच्या गमती आम्हांला सांगतात. गंमत सांगताना वडील त्या गृहस्थांचा आवाजही काढतात, आणि आई भाकरी थापता थापता हसते. त्या गृहस्थांना मी आजवर पाहिलेले नाही. पण आमच्या घरात ते रोज जेवायला असतात. पुष्कळ ठिकाणी भिंतीवर चांगल्या कर्मचाऱ्याचे नाव आणि फोटो लावण्याची रीत असते. कोणी वेळेवर येतो म्हणून, कोणी जास्त काम उरकतो म्हणून. सहकाऱ्यांना हसवले म्हणून तेथे कोणाचा फोटो लागलेला मी तरी पाहिला नाही. लँबच्या कंपनीतही असा फलक नव्हता.

विनोदाला मान देण्याऐवजी लोकांना त्याची भीतीच वाटते, याचे एक उदाहरण लँबच्या चरित्रात आहे. २८ डिसेंबर १८१७ रोजी हेडन या चित्रकाराकडे मेजवानी होती. वर्डस्वर्थ, कीट्स, लँब अशी मंडळी जमली होती. वर्डस्वर्थ त्या काळी सरकारच्या स्टँप खात्यात नोकर होता, हे आपल्याला कविता शिकताना कोणी सांगत नाही. योगायोगाने त्या रात्री स्टँप खात्याचा एक वरिष्ठ अधिकारी तेथे आला. मोठ्या कवींच्या सहवासात काहीतरी उच्च बोलावे म्हणून तो मिल्टन थोर होता की नाही, न्यूटन थोर होता की नाही, असे प्रश्न विचारू लागला. वर्डस्वर्थ बिचारा साहेबापुढे गंभीर. लँब शेकोटीपाशी पेंगत होता. थोडी जास्त झाली होती. प्रश्न कानांवर पडताच तो उठला, मेणबत्ती हाती घेतली आणि या गृहस्थांच्या डोक्याचे उंचवटे आपल्याला तपासू द्या म्हणून मागे लागला. त्या काळी डोक्याच्या उंचवट्यांवरून बुद्धी ओळखण्याचे खूळ होते. मध्येच तो बालगीत म्हणू लागला. शेवटी हेडन आणि कीट्स यांनी त्याला ओढून शेजारच्या खोलीत नेऊन बंद केले. वर्डस्वर्थला साहेबाची समजूत घालावी लागली. मद्य आणि तंबाखू या दोन गोष्टी लँबला सुटल्या नाहीत, हेही येथे सांगून टाकावे. पण त्या रात्री त्या खोलीत साहेबाला न भिणारा तो एकटाच कारकून होता!

वाङ्मयात त्याला यश उशिरा मिळाले. १८०६ साली ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याचे प्रहसन पहिल्याच रात्री पडले. प्रेक्षक हुर्यो करू लागले तेव्हा लेखक स्वतः त्यांच्यात सामील झाला. १८०७ साली भावंडांनी मिळून लिहिलेल्या शेक्सपिअरच्या गोष्टी निघाल्या. वीसपैकी चौदा मेरीच्या आणि सहा चार्ल्सच्या, पण मुखपृष्ठावर नाव फक्त चार्ल्सचे. मग ऑगस्ट १८२० मध्ये 'लंडन मॅगझिन' मासिकात त्याने 'एलिया' या टोपणनावाने निबंध लिहिण्यास सुरुवात केली. या पहिल्या निबंधासाठी पंचेचाळीस वर्षांच्या लँबने विषय निवडला तो प्रेम नाही, निसर्ग नाही. तीस वर्षांपूर्वी थोडे महिने जेथे काम केले त्या साउथ सी हाउसमधील कारकुनांची आठवण हा त्याचा विषय होता.

मला हा निबंध त्याच्या सर्व लेखनात अधिक मोलाचा वाटतो. त्यात रोखपाल आहे, उपरोखपाल आहे, सारंगी वाजवणारा हिशेबनीस आहे. आणि त्यात हेन्री मॅन आहे. हा मॅन साउथ सी कंपनीत उपसचिव होता आणि कचेरीचा विनोदवीर म्हणून प्रसिद्ध होता. सकाळी आत येताना आणि दुपारी बाहेर पडताना त्याच्या तोंडून एखादी मार्मिक गोष्ट बाहेर पडल्यावाचून राहत नसे. तो १७९९ साली वारला. त्याच्या लेखनाचे दोन खंड निघाले आणि लोक ते विसरलेही. लँबला ते रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाले, असे तो सांगतो. त्यातले विनोद आता शिळे झाले आहेत हे तो कबूल करतो, आणि तरीही मॅनला आपल्या निबंधात मानाची जागा देतो. कचेरीतला विनोद असाच असतो. तो त्या दिवसापुरता, त्या माणसांपुरता असतो. दुसऱ्या दिवशी बाहेरच्याला सांगितला तर त्याला हसू येत नाही. खतावणीत त्याला रकाना नसतो. लँबने असा रकाना काढला आणि मॅनचे नाव त्यात लिहिले.

टोपणनावाची कथाही अशीच. एलिया हा साउथ सी हाउसमधीलच एक इटालियन कारकून होता. लँबने गमतीने त्याचे नाव उचलले. पुढे हा विनोद त्याला सांगून दोघांनी मिळून हसावे म्हणून लँब त्याला भेटायला गेला. तेथे कळले की एलिया अकरा महिन्यांपूर्वीच क्षयाने वारला. त्या बिचाऱ्याला आपले नाव अमर झाल्याचे कधी कळलेच नाही.

१८२५ च्या आरंभी लँबची प्रकृती ढासळली आणि त्याने राजीनामा दिला. मंजूर होईल की नाही, पुढे काय, याची त्याला धास्ती होती. २९ मार्च १८२५ रोजी त्याला संचालकांच्या खोलीत बोलावणे आले. तेथे त्याच्या दीर्घ सेवेचा उल्लेख झाला आणि पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश पेन्शन मंजूर झाल्याचे सांगण्यात आले. वर्षाला ४५० पौंड, त्यातून ९ पौंड कापून आपल्या मागे मेरीची सोय व्हावी अशी व्यवस्था. तो तसाच घरी निघून आला. कंपनीवर माझा राग असला तरी हा तिचा व्यवहार चांगला होता, हे मान्य करावे लागेल. निवृत्तीवर लिहिलेल्या निबंधात लँबने ईस्ट इंडिया कंपनीचे नाव बदलून तिला एका काल्पनिक पेढीचे रूप दिले आहे आणि भागीदारांची नावे एकापाठोपाठ एक अशी ठेवली आहेत की त्यांचा नाद ऐकूनच हसू यावे.

परंतु त्याच निबंधातला एक भाग हसवणारा नाही. काही दिवसांनी तो जुन्या मित्रांना भेटायला कचेरीत गेला. सर्वांनी प्रेमाने स्वागत केले. जुने विनोद पुन्हा निघाले, पण ते पूर्वीसारखे रंगले नाहीत. त्याचे टेबल दुसऱ्याला दिले होते. टोपी टांगण्याच्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी होती. तेहतीस वर्षे ज्या जागेला त्याने शिव्या दिल्या, तीच जागा सोडल्याचे त्याला वाईट वाटले. त्या खडतर वाटेचे खाचखळगे या सोबत्यांच्या विनोदांनीच सुसह्य केले होते, हे तो लिहितो. आपण किती जणांना हसवले हे नव्हे, इतरांनी आपल्याला कसे तगवले हे त्याला आठवले! आपले खरे ग्रंथ म्हणजे लेडनहॉल स्ट्रीटच्या फळ्यांवरील शेकडो खतावण्या, असे तो पुढे थट्टेने म्हणत असे.

त्याला हवी होती ती फुरसत मिळाली. पण ती त्याला फारशी मानवली नाही. कचेरी नाही, म्हणून सुट्टीलाही चव नाही. मेरीचे आजारपण वाढत चालले होते. भावंडे लंडन सोडून प्रथम एनफील्डला आणि मग एडमंटनला राहायला गेली. सांभाळलेली मुलगी एम्मा इझोला हिचे १८३३ साली मॉक्सन या प्रकाशकाशी लग्न झाले, आणि घर आणखी रिकामे झाले. १८३४ च्या जुलैत कोलरिज वारला. त्यानंतर लँब बोलता बोलता मध्येच थांबून तो गेल्याचे स्वतःलाच सांगत असे. डिसेंबरात रस्त्याने चालताना तो पडला, चेहऱ्याला खरचटले, जखम चिघळली आणि २७ डिसेंबर १८३४ रोजी त्याचा अंत झाला.

मेरी पुढे बारा वर्षांहून अधिक जगली. भावाने करून ठेवलेली सोय तिला पुरली. २० मे १८४७ रोजी ती वारली आणि एडमंटनच्या चर्चच्या आवारात चार्ल्सच्याच थडग्यात तिला ठेवण्यात आले.